सतरावा सिपारा

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

सुनेशी खोटं बोलले. एकसष्टाव्या वर्षी, तोंडावर, चहा ओतता ओतता! "गुडघ्याची फिजिओथेरपी लावली आहे. अकरा ते सव्वाबारा, आठवड्यातून चार दिवस." नौशीन बिचारी लगेच म्हणाली, "मम्मी, मी सोडते ना गाडीवर." नको नको म्हणताना मला घाम फुटला.

गेले ती नाशकातल्याच वडाळ्याला, मुबश्शिराबाजीकडे. वय सव्वीस. माहेर मालेगावचं, मागांची खडखड ऐकत वाढलेली, मदरशात सात वर्षं शिकून आलिमा झालेली. आता घरीच बायकांना कुराण वाचायला शिकवते. खोलीत सतरंजी, पुस्तक ठेवायच्या चार लाकडी घोड्या, भिंतीला फळा. फळा बघून जरा धीर आला. निदान एक वस्तू ओळखीची.

"आंटी, पहले कितना पढ़े हो?"

"थोडंफार." दिवसातलं दुसरं खोटं.

तिने माझ्यापुढे कुराणाचा एक भाग, सिपारा, उघडला आणि म्हणाली, पढ़ो. मी बघत बसले. ती वाट बघत बसली. पंखा कुरकुरत होता. मग म्हटलं, बाजी, मला एक अक्षर येत नाही. पहिलं अलिफसुद्धा खात्रीने ओळखता येणार नाही.

हे वाक्य सदतीस वर्षांत मी नवरा सोडून कुणापुढे उच्चारलं नव्हतं. उच्चारलं — आणि आभाळ कोसळलं नाही. ती म्हणाली, "अच्छा. तो फिर अलिफ से." आणि खडू उचलला.

रिक्षा न करता चालत घरी आले. पाय हलके. नौशीन म्हणते, पहिल्याच दिवशी फरक पडला की!

१२ नोव्हेंबर

ही वही कुणी वाचत नाही. इथे तरी सगळं सरळ लिहावं.

चांदवड तालुक्यातलं आमचं गाव. चहूकडे कांदा. मुसलमानाचं घर एकच, आमचं, मणियाराचं. अब्बा बांगड्या भरायला गावोगाव हिंडायचे. गावात मशीद नाही, मौलाना नाही. नमाजेपुरत्या सूरा, कुराणातले छोटे अध्याय, अब्बांनी मला शाळेच्या वहीत मराठीत लिहून दिल्या आणि मी त्या पाढ्यांसारख्या पाठ केल्या. पुढे मराठी शाळा, डी.एड., जिल्हा परिषदेची नोकरी. १९८७ला लग्न होऊन जुन्या नाशकात आले. तांबोळ्यांच्या घरची धाकटी सून.

महिनाभरात घरात कुराणखानी निघाली. गेलेल्या माणसाच्या नावाने बायका जमतात. तीस भाग, त्यांचे तीस सुटे सिपारे. प्रत्येकीने एकेक वाचायचा, की मिळून एक पूर्ण वाचन होतं. थोरली नणंद, खुर्शीद आपा, आपली सिपाऱ्यांची पेटी घेऊन आल्या होत्या. वाटत वाटत माझ्यापाशी आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही तर मास्तरीण आहे. ही भरभर वाचेल."

त्या एका शब्दाने घात केला. मास्तरीण! मास्तरणीला वाचता येत नाही हे भरल्या खोलीत कसं सांगणार? मी सिपारा घेतला. ओठ हलवले. शेजारणीने पान उलटलं की मीही उलटायचे. संपल्यासारखं करून ढिगावर ठेवला. आपांनी मोजले — तीस. दुआ झाली. जेवणं झाली.

तेव्हापासून दरवेळी तेच. सासूबाई गेल्या तेव्हा तेच, सासरे गेले तेव्हा तेच. शेजारपाजारच्यांचे किती, ते आठवायची हिंमत नाही.

आणि परवाच्या जुलैत, हे गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या कुराणखानीला. माझ्या हातात सतरावा आला. पांढरी ओढणी घेऊन बसले, लोकांना वाटलं रडते आहे म्हणून आवाज येत नाही. माझ्याच नवऱ्यासाठी एकोणतीस सिपारे वाचले गेले आणि एक नुसता हाताळला गेला. तो माझा. आपा म्हणाल्या, तीस पूर्ण.

मे महिन्यात बरसी, म्हणजे ह्यांना जाऊन वर्ष. त्या दिवशी मला सतरावा खरोखर वाचायचा आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एवढंच. मला काही सगळं तोंडपाठ करून हाफिज व्हायचं नाही.

१९ नोव्हेंबर

नौशीनने गुडघ्याला लावायला तेल आणलं. महागाचं. रोज लावून देते म्हणते. मी मेल्याहून मेल्यासारखी पाय पसरून बसते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आता कळतंय पहिलीतल्या पोरांचं काय होत असेल. 'बे' एकटा असला की होडीसारखा, शब्दाच्या सुरुवातीला आला की नुसता दात, मध्ये आला की आणखी बारीक, शेवटी आला की परत होडी. खाली एक टिंब असलं की बे, वर दोन असली की ते, वर तीन असली की से. चष्म्याचा नंबर वाढलाय हे मला टिंबांनी सांगितलं.

चौतीस वर्षं मी फळ्यापुढे उभी राहून म्हणाले, "यात काय अवघड आहे रे?" त्या सगळ्या पोरांची एकदा रांगेत उभं करून माफी मागावीशी वाटते.

मात्रा लवकर जमल्या. जबर, जेर, पेश. आपला काना, वेलांटी, उकार म्हणून घेतलं की झालं. बाजीला हे सांगितलं तर तिने लगेच वहीत टिपून घेतलं, पुढच्या मराठीवाल्या बायकांसाठी. पोरगी शिकवते छान. फक्त लिहिताना फळ्यापुढे उभी राहते, मागच्यांना दिसत नाही. आज राहवलं नाही, सांगितलं. हसली आणि बाजूला झाली. वर्गात कोण कुणाची बाई ते कळेना.

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर साधनाला सांगून टाकलं. एकोणीस वर्षं एका शाळेत होतो, तिच्यापासून काय लपवायचं? लपवलं होतं म्हणा.

ती चालता चालता थांबली. मला वाटलं आता म्हणणार, या वयात कशाला. म्हणाली, "अगं मग कार्डं केलीस का?"

कार्डं! पहिलीला आम्ही पुठ्ठ्याची अक्षरकार्डं करायचो, ती. लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू कापून दुपारी अठ्ठावीस कार्डं घेऊन आली घरी — नौशीन बाजारात गेली होती म्हणून बरं. अक्षरं मी काढायची, मागे नाव मराठीत लिहायचं. आता रोज फेरी झाली की बाकावर बसून ती मला एकेक कार्ड दाखवणार आहे. तिला स्वतःला काही येत नाही, मागचं वाचून तपासते. आज अठ्ठावीसपैकी एकोणीस. "पुनःपरीक्षा," म्हणाली.

११ डिसेंबर, बुधवार

दिवस वाईट सुरू झाला, चांगला संपला.

अरबीत दोन क आहेत. एक आपला साधा. दुसरा घशाच्या पार तळातून काढायचा, पडजिभेपाशी. पहिल्याचं नाव काफ, दुसऱ्याचंही काफ. मराठीत लिहिली की नावंसुद्धा सारखीच, मग मला काय डोंबल कळणार?

बाजी म्हणाली, पाठ असलेल्या सूरा म्हणून दाखवा. मी ऐटीत सुरू केलं. हे तरी येतं आपल्याला! 'कुल' या शब्दावर तिने हात वर केला. "आंटी, फिर से." कुल. "हलक से निकालो." कुल. मग तिने पुस्तक मिटलं आणि जपून सांगितलं. घशातून काढलं तर त्याचा अर्थ 'सांग'. साध्या क ने म्हटलं तर 'खा'.

खा! लहानपणापासून नमाजेत उभी राहून मी 'सांग' म्हणायच्या जागी 'खा' म्हणते आहे. अब्बांच्या वहीत क एकच होता. त्यांनी तरी मराठीत दुसरा कुठून आणायचा?

मला रडू फुटलं. अब्बांनी किती प्रेमाने लिहिलं होतं, शाईच्या पेनने, ओळीवर ओळ. म्हटलं, म्हणजे इतक्या वर्षांचं सगळं वाया गेलं का? बाजी जवळ सरकून बसली. "वाया कशाला, आंटी? जिसको पता ही नहीं था, अल्लाह उसको पकडता नहीं. और जो अटक अटक के पढ़ता है ना, उसको तो डबल सवाब. एक पढ़ने का, एक मेहनत का."

डबल! अटकल्याबद्दल जास्त मार्क देणारं हे पहिलंच खातं बघितलं. मी चौतीस वर्षांत एकालाही दिले नाहीत.

येताना रिक्षात घशातून क काढत आले. रिक्षावाला दोनदा आरशातून बघून शेवटी म्हणाला, "मावशी, दवाखान्याकडे घेऊ का?"

२३ डिसेंबर

ह्यांना माहीत होतं. जगात एकट्या ह्यांना.

एकलहऱ्याला वीज केंद्राच्या वसाहतीत राहायचो तेव्हा. हे टर्बाइनवर ऑपरेटर. फर्स्ट शिफ्ट करून आले की दुपारी मोकळे. म्हणायचे, "ये, बस. रोज पंधरा मिनिटं. मी शिकवतो." मी म्हणायचे, वेळ कुठाय? पेपर तपासायचे आहेत. मतदारयाद्या आहेत. जनगणना आहे. मुलाची, तन्वीरची, दहावी आहे. मग म्हणायचे, बरं, रिटायर झालीस की. रिटायर झाले तर नात झाली, अनम. ती दोन वर्षांची होते न होते तोच ह्यांचं दुखणं. दवाखान्यात तर वेळच वेळ होता. पण तेव्हा मलाच विचारवेना आणि ह्यांनाही बोलवेना.

खरं काय ते आज लिहिते. वेळ नव्हता हे खोटं. वेळ होता. नवऱ्यापुढे बसून पोरासारखं अलिफ-बे म्हणायची लाज होती. ते हसले नसते, हे तेव्हाही माहीत होतं.

आता सव्वा तास निघतोच आहे ना? दुपारची मालिका सोडली आणि निवृत्त शिक्षकांच्या त्या भांडकुदळ गटावर उत्तरं देणं बंद केलं. तेवढ्यात निघाला. त्या मालिकेत काय चाललंय ते साधनाही सांगेना झाली आहे, तिनेही सोडली.

८ जानेवारी २०२५, बुधवार

बाजीच्या घराच्या कोपऱ्यावर भागीबाई मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. शाळेत असताना तिच्या दोन्ही मुली माझ्या वर्गात होत्या. आज तिने माझ्या पिशवीतून डोकावणारी वही बघितली.

"बाई, तुमची साळा सुटली नव्हं? मंग वही कशापायी?"

"शिकते आहे, भागीबाई."

"आता अजून काय ऱ्हायलं शिकायचं?"

"आमच्या धर्माचं वाचायला. ते येत नव्हतं."

तिने जुडी बांधता बांधता मान हलवली. "लय बरं केलं. मला बी सही यायची नाय. बचत गटात शिकले. पह्यल्या दिशी हात असा कापला का काय सांगू." मग एक जुडी जास्तीची टाकली पिशवीत. काही केल्या परत घेईना.

१४ जानेवारी

संक्रांत. साधनाकडून तिळगूळ आला. डब्यात एक कार्डही निघालं, त्यावर 'ऐन', जो मी दरवेळी चुकवते.

१७ जानेवारी, शुक्रवार

फुटलं बिंग! नौशीन कोथिंबीर आणायला तिकडे गेली आणि भागीबाईने विचारलं म्हणे, "तुमच्या सासूबाई आज साळंत आल्या नाय?"

नौशीन घरी आली. एवढंच सांगून भाजी निवडायला बसली.   ही मुलगी जुन्या नाशकात वाढलेली, सातव्या वर्षी सगळं कुराण वाचून झालेलं तिचं. तिच्यापुढे मी आठ वर्षं सासू म्हणून, मास्तरीण म्हणून मिरवले. संध्याकाळभर तिच्या नजरेला नजर देणं टाळलं.

१९ जानेवारी

सकाळी नौशीनने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "अनमची बस पावणेएकला येते ना, उद्यापासून मी उतरेन खाली तिला घ्यायला. तुम्ही धावत येऊ नका." मग जरा थांबून, "फिजिओथेरपी बंद करू नका, मम्मी."

मी हसायला लागले ते थांबेचना. तीही. तन्वीर बाहेर येऊन विचारतो, काय झालं? काही नाही म्हटलं, गुडघा बरा झाला.

किती हलकं वाटतंय. उगीच दोन महिने तेल लावून घेतलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कायदा संपला. म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक. बाजीने पेढे वाटले, माझ्याबरोबरच्या दोन नव्या सुना मला 'आंटी फर्स्ट' म्हणाल्या. फर्स्ट कसली, त्या दोघी माझ्या आधी महिनाभर संपवून बसल्या होत्या.

बाजी म्हणाली, आता शेवटच्या सिपाऱ्यापासून सुरू करू, छोट्या सूरा, सोप्या. मी म्हटलं, सतरावा. "तो कठीण जाएगा." सतरावाच. मग तिला चाळिसाव्याचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. म्हणाली, "हमारे यहाँ बरसी-वरसी का दिन नहीं पकडते, आंटी." माझा चेहरा पडला असणार. लगेच म्हणाली, "लेकिन पढ़ने को कौन सा दिन बुरा है?" आणि सतरावा काढला.

आज दीड ओळ. सव्वा तासात.

२ मार्च

पहिला रोजा. वर्ग सकाळी नऊला. रोज अर्धं पान होतं.

३१ मार्च

ईद. साधना शीरखुर्मा पिऊन गेली. खुर्शीद आपांकडे सलाम करायला गेलो. ह्यांच्यावाचून पहिली ईद, आपांनी ह्यांच्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही. म्हणाल्या, बरसीला मी पेटी घेऊन येईन. मी मान हलवली.  पाच पानं येतात आता.

१६ एप्रिल, बुधवार

तेरावं पान. एका ओळीशी समासात काहीतरी लिहिलेलं. बाजी म्हणाली, इथे थांबायचं. ही ओळ वाचली की वाचणाऱ्याने कपाळ जमिनीला टेकवायचं. सजदा. आम्ही दोघींनी केला. उठताना तिने मला हात दिला.

आणि बसल्या जागी लक्षात आलं. चाळिसाव्याला मी हाच सिपारा 'वाचला'. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, सजदा न करता! ह्यांच्या नावाने, भरल्या खोलीत, आपा बरोब्बर समोर. ज्या बाईला सतरावा ठाऊक आहे तिला कळलं असेल. आपांना तर निम्मं तोंडपाठ.

बाजीने समजूत काढली. "बहुत लोग बाद में करते हैं, घर जाके. कोई देखता नहीं रहता, आंटी." हो, असेल. बरंच बरं वाटलं ऐकून. तरी रात्री जेवताना नौशीनला विचारलंच, आपा कधी माझ्याबद्दल काही बोलल्या का? ती म्हणाली, आपा कुणाबद्दल कधी काही बोलतात का?

९ मे

विसावं पान. शेवटचं. जमलं! अडखळत, घसा खाकरत, पण सबंध सिपारा एकदा माझ्या तोंडून गेला. लागलेला वेळ: चार तास, दोन बैठकांत. साधना म्हणते, ग्रेस धरून पास.

१८ मे

साडेतीन तास.

२६ मे, सोमवार

काल बरसी झाली. काल लिहायचं त्राण नव्हतं, आज सगळं लिहिते.

दहापासून बायका आल्या, वीस-बावीस. काहींनी दोन दोन घेतले. आपा पेटी घेऊन मध्ये बसल्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा मीच म्हटलं, आपा, मला सतरावा द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काढून दिला.

साडेदहाला सुरू केलं. शेजारणीच्या पानाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. घसा लगेच सुकला. नौशीनकडून पाणी मागवलं. चौथ्या पानावर होते तेव्हा पहिला सिपारा ढिगावर पडला. मग भराभर पडत गेले. बारा वाजता सगळ्या मोकळ्या होऊन कुजबुजायला लागल्या, आतून बिर्याणीचा वास यायला लागला, आणि मी आठव्या पानावर.

आपांनी मोजलं. "एकोणतीस. एक कुणाकडे आहे?"

मी बोट ओळीवर तसंच ठेवलं, नाहीतर जागा हरवली असती. म्हटलं, "माझ्याकडे. मला अजून दोन तास लागतील. आपा, मला वाचता येत नव्हतं. कधीच येत नव्हतं. आता शिकते आहे."

 एका काकी चांगल्या मनाने म्हणाल्या, "आण इकडे, चौघी मिळून तीन तीन पानं वाचून टाकू, लोकांची जेवणं खोळंबलीत." त्यांनी हात पुढे केलाही. आपा कडाडल्या, "कुणी हात लावायचा नाही. ती वाचेल. बाकीच्यांनी जेवून घ्या."

मग मी वाचत राहिले. पलीकडे ताटं वाजत होती. एकदाची लाज गेली की किती शांत वाटतं, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं! तेराव्या पानावर थांबले. उठले, नौशीनने धरलं, गुडघा कटकन वाजला, कपाळ टेकवलं. टेकवलं तेव्हा ह्यांची आठवण अशी आली की उठावंसं वाटेना. मग परत पाणी मागितलं आणि पुढे वाचलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी सतरावा ढिगावर ठेवला. आपा जेवल्या नव्हत्या. ढिगापाशीच बसून होत्या. म्हणाल्या, "तीस." एवढंच. दुआ त्यांनीच मागितली.

ह्यांचा सिपारा वाचून झाला. मे महिन्यापर्यंत म्हटलं होतं, मे महिन्यात झाला. कालपासून श्वास पोटापर्यंत जातोय. पण एक गोष्ट उरतेच. सासूबाईंचा, सासऱ्यांचा, बाकी सगळ्यांचा. इतकी वर्षं आपा तीस मोजत आल्या आणि ते कधीच तीस नव्हते, हे काल त्यांना सगळ्यांदेखत कळलं. पेटी उचलून निघताना माझ्याशी एकच वाक्य बोलल्या, "बुधवारी घरी ये."

२७ मे

बाजीने विचारलं, अठरावा सुरू करायचा? म्हटलं, आधी उद्याची बोलणी खाऊन येते.

२८ मे, बुधवार

आपांनी चहा दिला. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. वाचणाऱ्या बाईचा घसा सुकतो. तू कधी पाणी मागितलं नाहीस. पण मास्तरीण म्हणून चारचौघांत मीच बोलून बसले होते, मग तुला कुठल्या तोंडाने विचारू? पेटी घरी आणली की तुझा सिपारा बाजूला काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या नमाजेनंतर वाचायचे. अम्मीचा वाचला, अब्बांचा वाचला. प्रत्येक वेळचा. माझ्या भावाचा, चाँदचा सतरावाही वाचला, सजद्यासकट."

 त्यांचा हात धरून बसले.

"रविवारी तू दोनदा पाणी मागितलंस," आपा म्हणाल्या. "पेटी आणली तशी बंद आहे."